दर्यापलीकडची रिक्षा

आबा कधी मागं वळून बघत नसे. गर्व म्हणून नाही, धंदा म्हणून. कळपाच्या पुढं चालणारा माणूस मागं फिरला की मेंढरं बुजतात, फाकतात, कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरतात, आणि मग हरभऱ्याचा मालक दांडकं घेऊन येतो. म्हणून पुढच्यानं पुढंच बघायचं. मागचं मागची बघंल. मागची म्हणजे त्याची बायको. तिला मी वैनी म्हणतो.

दरसाल ज्वारी निघाली की त्याची मेंढरं खतासाठी माझ्या रानात बसायची. नांदूरघाटच्या शिवारात माझ्या रानासारखं काळंभोर रान दुसरं नाही. मी म्हणतो म्हणून नाही, ज्याला डोळे आहेत त्यानं येऊन बघावं. त्यात आबाच्या मेंढरांचा वाटा आहे, तेवढं कबूल आहे.

ते यायचे ते असे. आधी धूळ. धुळीतून आबा, खांद्यावर घोंगडी, हातात लांब काठी, मान ताठ. त्याच्या मागं मेंढरं, ओढ्याला पूर आल्यासारखी. मेंढरं संपली, आता कुणी नाही असं वाटलं की लांबून घोडं दिसायचं. घोड्यावर भांडी, बाजलं, वर बांधलेल्या कोंबड्या, पिशवीतून तोंड काढलेली कोकरं, आणि घोड्याचा दोर धरून वैनी. आबा माझ्या विहिरीवर पाय धुऊन बसलेला असायचा तरी वैनी अजून ओढ्यातच.

एवढ्या अंतरावरून नवरा-बायकोचं बोलणं चालायचं.

“पानी हाय का?”

“हाय. तवा कुठं ठिवला?”

“घोड्यावर बघ.”

“घोड्यावर न्हाई.”

“मंग तुझ्या डोक्यावर बघ.”

सगळ्या शिवाराला त्यांचा संसार ठाऊक. सवय अशी जडली होती की चुलीपाशी बसूनही दोघं तशीच ओरडून बोलायची. पहिल्या वर्षी माझी बायको घाबरून आली. म्हणाली, “अवो, मेंढक्याच्यात मारामारी लागलीय, बघा की जाऊन.” मी गेलो. कालवणात मीठ पडलं का नाही, एवढाच मामला होता.

मुक्काम ठरवायची आबाची एक तऱ्हा होती. मेंढरं आणायच्या आधी तो एकटा यायचा. चपला काढून रानात फिरायचा. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चूळ भरायचा. शेजारचा बांधकरी कसा आहे हे मला न विचारता खुद्द त्यालाच जाऊन विचारायचा. मग बाभळीखाली घोंगडी टाकून भर दुपारी झोपायचा. झोप लागली तर मुक्काम पक्का. नाही लागली तर नाही. एका साली तो उठला, घोंगडी झटकली आणि म्हणाला, “न्हाई मालक. तुमच्या रानात यंदा डोळा लागंना.”

मी म्हणालो, “काय बे, रान हाय का बाजलं?”

“जिथं मला झोप न्हाई तिथं मेंढराला कशी येईल?”

मेंढरं घेऊन तो पाटोद्याकडं निघून गेला. वर्षभर मी त्याचं नाव काढलं नाही. पुढच्या साली आला, बाभळीखाली पडला, ऊन कलेपर्यंत घोरला, आणि उठून “आनतो मंग” म्हणाला. आदल्या साली रानात काय खोट होती ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या रानात खोट नव्हतीच, तर विचारायचं काय?

गाडीत बसायचं म्हटलं तरी हीच तऱ्हा. एकदा केजच्या स्टँडवर आम्ही दोघं एसटीची वाट बघत होतो. गाडी लागली. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आबा मात्र ड्रायव्हरच्या दाराशी उभा. त्याला विचारतोय, “जेवलास का?”

ड्रायव्हर म्हणाला, “तुला काय करायचंय म्हातारबा? बस आत.”

आबा मला म्हणाला, “उतरा मालक. उपाशी हाय ह्यो. उपाशी माणूस घराकडं बघून गाडी हाणतो.”

मी उतरलो नाही. धरलेली जागा मी सोडत नसतो. गाडी सुटली, आबा स्टँडवरच. नंतर कळलं की पुढच्या गाडीचा ड्रायव्हरही उपाशीच निघाला. तेव्हा यानं फडक्यातली भाकरी सोडून त्याला स्टँडवर जेवायला बसवलं. कंडक्टर घंटी मारून बेजार, माणसं शिव्या देऊन बेजार. दिवेलागणीला आबा घरी पोचला. माझी गाडी वेळेवर, काही न होता पोचली होती, हे मी त्याला पुष्कळदा सांगितलं. तो एवढंच म्हणायचा, “तुमचं नशीब, मालक.”

मग मेंढरं विकली. चरायला रानं राहिली नव्हती, वैनीचे गुडघे गेले होते, आणि धाकटा पोरगा शिकून पुण्यात कंपनीत लागला होता, तो मागंच लागला होता. कळप एकाला दिला, घोडं दुसऱ्याला. तरी ज्वारी निघाल्यावर दोघं माझ्या रानात हजर. मेंढरं नाहीत, घोडं नाही, नुसती एक पिशवी. फाट्यावर एसटीतून उतरून चालत आली. पुढं आबा. मागं, पार ओढ्यात, वैनी.

मी म्हणालो, “आता कावून आलास?”

“मेंढरं न्हाईत तर काय झालं? रान तर हाय.”

चपला काढून रानातून हिंडला, चूळ भरली, बाभळीखाली झोपला. झोप लागली. मग दोघं माझ्या रानातल्या घरात, कोठ्यावरच राहिली. तिथंच तो धाकटा पोरगा गाडी घेऊन आला.

पोरगा गुणी. माझ्या पाया पडला आणि बाजूला घेऊन म्हणाला, “काका, मायला आन आबाला परदेशात फिरायला न्यायचंय. सुट्टी मंजूर झालीय, पासपोर्ट आलेत. आता तिकिटं काढायची तर आबा न्हाई म्हणतेत. तुमी सांगून बघा.”

“माझं ऐकतो का तो?”

“ऐकत न्हाईत. पण तुमच्याशी भांडतेत तरी. माझ्याशी बोलतबी न्हाईत.”

मूळ गोष्ट वैनीची होती. तिला समुद्र बघायचा होता. जन्मभर तिनं पाण्याच्या मागं पाय झिजवले. कुठं डोह, कुठं आटत आलेली विहीर, कुठं टँकरखाली गळणारी धार. ज्याला पल्याडचा काठ न्हाई असं पाणी एकदा बघायचंय, असं तिनं पोराला म्हटलं होतं. मी म्हणालो, मग मुंबईला ने, जवळ पडंल. पोरगा म्हणाला, “काका, तिनं जन्मात एकदा काहीतरी मागितलंय. नुसती काठावर उभी करून परत आणू का? पल्याड नेतो.” श्रीलंकेला न्यायचं त्यानं ठरवलं होतं. आणि वैनीचं एकच, “हे आले तर मी. न्हाईतर मी न्हाई.” ही सुट्टी गेली तर पुन्हा कधी मिळंल, आणि तोवर मायचे गुडघे चालतील का, ही काळजी पोराच्या तोंडावर दिसत होती.

आता मी स्वतः दुबई बघून आलेलो माणूस. जावयानं मला आणि माझ्या बायकोला टूर कंपनीबरोबर पाठवलं होतं. तेव्हापासून आमच्या गावात परदेशाचं काही निघालं की लोक मला विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. मी कोठ्यापुढं बाज टाकली, आबाला बसवलं. वैनी उंबऱ्यात मेथी निवडत बसली.

मी म्हणालो, “आबा, विमानाला भितोस का?”

“भ्यायचं काय त्यात? पोरा, इमानवाला जेवल्याला असतो का?”

पोरगा म्हणाला, “आबा, विमानात जेवण असतंच. पायलटला तर आधी देतेत.”

“मंग झालं. आन आमी बसायचं कसं?”

“तिघं एका ओळीत. तुमी, माय आन मी.”

“मधी कोण?”

“माय.”

“इमानाचं पटलं,” आबा म्हणाला. पोरगा आणि मी एकमेकाकडं बघत राहिलो. “आता तिथं उतरल्यावर फिरायचं कशानं, ते सांगा.”

इथं मी पुढं झालो. माझाच विषय होता. “कंपनीबरोबर जा आबा. आपल्याला काही बघावं लागत न्हाई. एसी बस असती. पुढं एक पोरगा झेंडा घेऊन चालतो, त्याच्या मागं आपण. सकाळी उठवतेत, खायला घालतेत, दाखवतेत, मोजतेत, पुन्हा बसमधी घालतेत.”

“मोजतेत?”

“मंग? कुणी मागं राहिलं का ते बघाया नगं?”

“म्हंजी निसतं दांडकं मारायचं ठिवलं म्हना.”

उंबऱ्यातून वैनी हसली. मला राग आला, पण मी तो गिळला.

आबानं विचारलं, “आन बसमधी तुमी कुठं बसला होता मालक?”

“पुढं. वयाच्या माणसाला तिथं मान असतो.”

“आन मालकीनबाई?”

“बाया मागं. त्यांची त्यांची गंमत चालली होती.”

“बस नगं,” आबा म्हणाला.

पोरगा म्हणाला, “मग गाडी करू. ड्रायव्हरसकट. तुमी म्हणाल तिथं थांबंल.”

“मी कुठं बसायचं?”

“पुढं. तुमी मोठे.”

“गाडी नगं.”

“मग रेल्वे हाय आबा. समुद्राच्या कडंकडंनं जाती. मायला लई आवडंल.”

“बसायचं कसं?”

“समोरासमोर.”

आबा विचारात पडला. मग खाली बघत म्हणाला, “समोरासमोर बसून काय एकमेकाचं तोंड बघायचं का, ह्या वयात?” वैनीनं पदर पुढं ओढला आणि मेथी घेऊन आत सरकली. रेल्वेही गेली.

मग मात्र माझा धीर सुटला. मी म्हणालो, “बस नगं, गाडी नगं, रेल्वे नगं. पुढं बसवलं तरी नगं. तुला जायचंच न्हाई. सरळ सांग की बायकोला न्यायचं न्हाई म्हणून.”

आबा उठला आणि विहिरीकडं गेला. आतून वैनीचा आवाज आला. एवढ्या वर्षांत तिला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. पोराला म्हणत होती, “राहू दे रं बाळा. पानी काय, हितल्या हिरीतबी हाय.”

पोरगा मोबाईल हातात धरून तसाच बसला. मी आबाच्या मागं गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो. तो विहिरीच्या कठड्याला टेकून आत बघत होता.

“मालक,” तो म्हणाला, “मी पुढं आन ती मागं. मधी मेंढरं. आसं चाललं. मेंढरं इकली. आता मधी काय बी न्हाई, तरी ती मागंच चालती.”

“चालंना. बाया मागंच चालतेत.”

“ह्या महिन्यात केजच्या बाजारात गेलतो आमी. मी आपला बोलत बोलत पुढं. स्टँडवर आलो, गाडीत बसलो, तिची जागा धरली, आन बघतो तर ती न्हाईच. भांड्याच्या दुकानापशी गुडघा धरून बसली होती. किती येळ बसली होती कुनाला ठावं. आधी मेंढरं वरडायची, त्यांच्या वरडन्यावरनं मला मागचं सगळं कळायचं. आता काय बी कळत न्हाई.”

“मंग मागं बघत जा.”

“जमत न्हाई. मान वळत न्हाई.” तो पुन्हा विहिरीत बघायला लागला. “एवढं दर्यापार जायचं. पानी तिला बघायचंय. आन तिथंबी मी तिच्या म्होरं पाठ करून बसू का? मला मान नगं, मालक. मला तिच्या बाजूला बसवा.”

“मंग हे पोराला सांगायचं.”

“पोराला आसलं सांगत्यात व्हय?”

पुढं बसलं की गुडघ्याला जागा मिळते, वारा लागतो, रस्ता दिसतो, हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

मी परत येऊन पोराला सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग मोबाईलवर बोटं फिरवत राहिला. आबा आल्यावर त्यानं त्याच्यापुढं मोबाईल धरला. समुद्राच्या कडेचा रस्ता, नारळाची झाडं, आणि त्या रस्त्यानं तुरुतुरु चाललेली एक लाल रिक्षा.

“ही तिथली रिक्षा, आबा. फिरायला आल्याली माणसं दिवसभरासाठी करतेत.”

आबानं मोबाईल डोळ्याजवळ नेला. “डायवर पुढं एकटाच?”

“एकटाच.”

“मागं?”

“माय आन तुमी. मी बसतो कडंला.”

“तू दुसरी कर.”

मला हसू आवरेना. मी म्हणालो, “रिक्षात बसायला दर्यापार चाललास व्हय? केजच्या स्टँडवर काय रिक्षा कमी हायत?”

“केजच्या रिक्षात म्हाताऱ्याला डायवरच्या शेजारी घेतेत, मालक.”

हे मात्र खरं होतं. मलाही तिथंच घेतात.

अशा रीतीनं आबा परदेशाला गेला. लांब काठी विमानात घेऊ देईनात, तेव्हा विमानतळावर थोडा वाद झाला म्हणे. घोंगडी मात्र गेली. आल्यावर दोघं पोराबरोबर माझ्याकडं उतरली. माझ्या बायकोसाठी वैनीनं दालचिनीची जुडी आणली होती. सगळी हकिकत वैनीनंच सांगितली, नेहमीसारखी ओरडून.

पहिल्या मुक्कामाला आबानं भर दुपारी खोलीतल्या फरशीवर घोंगडी टाकली. डोळा लागला नाही. पोरानं निमूट हॉटेल बदललं. दुसरीकडं लागला. रोज सकाळी रिक्षावाल्याला तो तोंडाशी हात नेऊन विचारायचा, जेवलास का? तो मान हलवायचा, तरी आबा त्याला घरून नेलेली भाकरी आणि ठेचा खायला लावायचाच. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणच हात पुढं केला.

रस्ता वळला आणि पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा वैनी आबाच्या कानाशी बसलेली. पण सवय. ती ओढ्यातून ओरडावं तशी ओरडली, “अवो, पानी आलं.” रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला. उतरून चाकं बघितली, खाली वाकून बघितलं, मग हात जोडून काय झालं म्हणून विचारायला लागला. मागच्या रिक्षातून पोरगा धावत आला. असं दोन-तीनदा झाल्यावर रिक्षावाल्याला सवय झाली. शेवटी शेवटी वळण आलं की तोच ओरडायचा, “पानी.”

पाण्यापाशी गेल्यावर वैनीनं विहिरीचं घ्यावं तसं ओंजळभर घेऊन चूळ भरली आणि थुंकली. “एवढं पानी,” ती मला सांगत होती, “आन मेंढराच्या कामाचं न्हाई, भावजी.” पण दिवस मावळेपर्यंत तिथनं हलली नाही, असं पोरानं सांगितलं.

मी आबाला विचारलं, “मंग, बाजूला बसून काय बोललात एवढं?”

“बोलतोय काय. रिक्षाचा आवाज केवढा. पण खड्डा आला की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायचा. मंग कळायचं, हाय म्हनून.”

त्यानंतर पोरगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. यंदा ज्वारी निघाली, रान मोकळं पडलं, बाभळीखाली कुणी झोपायला आलं नाही. परवा पोरानं माझ्या मोबाईलवर श्रीलंकेतला एक व्हिडिओ पाठवला. मी बाजेवर बसून लावला.

समुद्राच्या कडेला दगडी बांध आहे, त्याच्यावरून पायवाट. पोरगा मागून काढतोय. आबा पुढं चाललाय. हातात काठी नाही, तरी मूठ काठी धरल्यासारखी. मागं वैनी, नेहमीच्या अंतरावर, गुडघा सांभाळत. बाजूनं येणारी-जाणारी माणसं. मग आबा थांबतो. तो थांबला तशी वैनीही थांबते. तिला तेच ठाऊक. पुढचा थांबला म्हणजे पुढं काहीतरी असणार, कळप आवरायचा. ती हातसुद्धा आडवा धरते, मेंढरं अडवावी तसा. तिनं शेजारी यावं म्हणून तो उभा, आणि तो पुढं निघंल म्हणून ती उभी. बराच वेळ दोघं तशीच. मधी काही नाही.

मग आबा वळतो. सावकाश, मान आखडलेल्या माणसासारखा. आधी खांदा, मग कंबर, मग सगळाच. आणि मागं चालत येतो. वैनी घाबरून इकडं तिकडं बघते, काय बुजलं म्हणून. तो येतो आणि तिच्या शेजारी उभा राहतो, समुद्राकडं तोंड करून. तिथं व्हिडिओ संपतो.

माझी बायको कधी येऊन माझ्या पाठीमागं उभी राहिली होती, मला कळलं नाही. ती म्हणाली, “पुन्यांदा लावा.”

मी बाजेवर जरा सरकलो. ती शेजारी बसली, आणि मी पुन्हा लावला.